दुसऱ्या डोससाठी तरुणांनाच इतकी लांब वाट का पाहावी लागते?

डिचोलीकर पालक · २२ ऑगस्ट २०२१

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहतो. माझी दोन्ही मुले लसीच्या पहिल्या डोसवर अडकून पडली आहेत आणि दोघांची कारणे वेगवेगळी आहेत. जाणकारांनी मार्ग सांगावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलगा चोवीस वर्षांचा असून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. गावातील देवळाच्या सभागृहात शिबिर भरले होते, तेव्हा १९ जूनला त्याने कोविशील्डचा पहिला डोस घेतला. आता कंपनीने पत्र काढले आहे की, ज्यांचे दोन्ही डोस झालेले नाहीत त्यांनी १ सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी स्वतःच्या खर्चाने चाचणी करून अहवाल आणावा. कोविन या सरकारी लसनोंदणी संकेतस्थळावर त्याची दुसरी तारीख ८४ दिवसांनी, म्हणजे ११ सप्टेंबरला पडते. यंदा चवथ १० तारखेला आहे आणि आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे नेमक्या विसर्जनाच्या दिवशी त्याचा दिवस भरतो. तो योगायोग सोडून देऊ. मला न उमगलेली गोष्ट वेगळीच आहे. मी बावन्न वर्षांचा. ५ एप्रिलला पहिला आणि १० मे रोजी दुसरा असे माझे दोन्ही डोस पाच आठवड्यांत पूर्ण झाले. लस तीच, तालुका तोच. मग दिवसभर घरी बसणाऱ्या बापाला पाच आठवडे आणि भरलेल्या बसमधून रोज कामाला जाणाऱ्या मुलाला बारा आठवडे, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? खासगी रुग्णालयात ७८० रुपये भरले तर त्याला आधी डोस मिळू शकेल का?

मुलगी वीस वर्षांची आहे आणि बेळगावला शिकते. तिने तिथेच २ जुलैला कोव्हॅक्सिनचा पहिला डोस घेतला आणि त्यानंतर ती घरी आली. चार ते सहा आठवड्यांत दुसरा डोस घ्यावा असे तिला सांगितले होते. आज एकावन्न दिवस झाले आहेत. आमच्या जवळच्या केंद्रावर गेल्या तिन्ही वेळा फक्त कोविशील्डच होती. तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या माणसाने "हीच घे, चालते" असेही सुचवले. ती घाबरून परत आली. मुदत उलटल्यामुळे पहिला डोस फुकट गेला का, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का?

सत्तरीतील परिचारिका · २२ ऑगस्ट २०२१

काका, मी सत्तरी तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात जानेवारीपासून लस टोचण्याच्या कामावर आहे. शास्त्राचे उत्तर डॉक्टर मंडळी देतील. मी खिडकीच्या आतल्या बाजूचे सांगते.

आधी मुलीविषयी. पहिला डोस अजिबात फुकट गेलेला नाही. मुदत उलटली म्हणून नव्याने सुरुवात करायची नसते; मिळेल तेव्हा दुसरा डोस घ्यायचा आणि तो दुसराच धरला जातो. मात्र तिला कोव्हॅक्सिनच मिळायला हवी. राष्ट्रीय कार्यक्रमात दोन वेगळ्या लसींची सरमिसळ मान्य नाही, आणि तिच्या नावावर कोव्हॅक्सिनची नोंद असताना कोविन आम्हाला कोविशील्डचा दुसरा डोस नोंदवूच देत नाही. "हीच घे" असे ज्याने सांगितले, त्याने बहुधा तिची जुनी नोंद उघडून पाहिलेली नसावी. ती टोचून घेऊन आली असती, तर तिची कोविशील्डच्या पहिल्या डोसची नवीन नोंद झाली असती आणि आधीची कोव्हॅक्सिनची नोंद तशीच लोंबकळत राहिली असती. उत्तर प्रदेशात सिद्धार्थनगर जिल्ह्यात अठरा जणांना चुकून दोन वेगळ्या लसी दिल्या गेल्या, त्यांचा अभ्यास होऊन काही अपाय झाला नसल्याचे या महिन्यात प्रसिद्ध झाले आहे. तो दिलासा खरा, परंतु त्यावरून कोणी स्वतःहून सरमिसळ करू नये.

हातातली लस आणि समोरचा माणूस यांची सांगड कशी बसते, तेही सांगते, कारण बाहेर उभ्या असलेल्यांना ते दिसत नाही आणि मग आमच्यावर राग निघतो. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस असतात. व्हायल उघडली की तिच्या लेबलवर पेनाने वेळ लिहायची आणि चार तासांच्या आत ती संपवायची. उरलेली लस टाकून द्यावी लागते. मागच्या गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता माझ्यासमोर सहा तरुण बसले होते. हातात एक न उघडलेली व्हायल आणि केंद्र बंद व्हायला अर्धा तास. उघडावी तर चार डोस वाया जातील, न उघडावी तर सहा जण परत जातील. आमच्या बहुउद्देशीय कर्मचाऱ्याने वहीतले फोन क्रमांक काढून आसपासच्या घरांना फोन लावले, चार जण आले, आणि चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही शेवटची सुई टाकली. रोज असे जमत नाही. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी परत जाणारे बहुतेक वेळा तरुणच असतात, कारण आजोबा सकाळी नऊलाच येऊन बसलेले असतात आणि कामावर जाणारा मुलगा तीननंतरच येतो.

दुसरी गोष्ट नोंदीची. दुसऱ्या डोसला लोक लसीअभावी जितके अडतात, तितकेच जुन्या नोंदीमुळे अडतात. शिबिराच्या दिवशी गर्दी असते, पंचाच्या मुलाने आपल्या फोनवरून चौघांची नोंदणी करून टाकलेली असते (एका क्रमांकावर चार जणांची नोंद होते), आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तो क्रमांक कोणाचा होता हेच कोणाला आठवत नाही. दुसऱ्या वेळी ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा ओटीपी पणजीत बसलेल्या त्याच्या मावसभावाच्या फोनवर जात होता आणि मावसभावाचा फोन बंद. त्यामुळे तुमच्या मुलाला आजच तीन गोष्टी शोधून ठेवायला सांगा: कोणत्या मोबाइलवर नोंद झाली, कोणते ओळखपत्र दाखवले, आणि पहिल्या डोसच्या प्रमाणपत्रावरचा संदर्भ क्रमांक. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजेच केंद्रावर विचारला जाणारा गुप्त संकेतांक. एवढे हाताशी असेल तर खिडकीवरचे काम दोन मिनिटांत होते.

७८० रुपयांविषयी: खासगी रुग्णालयालाही कोविनच वापरावे लागते, त्यामुळे ८४ दिवसांआधी त्यांनाही नोंद करता येत नाही. पैसे मोजून रांग टाळता येईल, दिवस कमी होणार नाहीत.

फोंड्यातील निवृत्त वैद्यकीय प्राध्यापक · २३ ऑगस्ट २०२१

परिचारिकाताईंनी जे सांगितले त्याला माझी पुस्ती फक्त "हे दिवस आले कुठून" एवढ्यापुरती आहे.

मूळ प्रश्नकर्त्यांनी वयाचा फरक म्हणून जे मांडले आहे, तो प्रत्यक्षात तारखेचा फरक आहे. जानेवारीत कोविशील्डच्या दोन डोसांमधील अंतर चार ते सहा आठवडे होते, २२ मार्चला ते चार ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे. आपला दुसरा डोस १० मे रोजी, म्हणजे नियम बदलण्याच्या अवघे तीन दिवस आधी झाला. परंतु पंचेचाळीसच्या वरच्यांना १ एप्रिलपासून आणि १८ ते ४४ वयोगटाला १ मेपासून पात्र धरले गेले, त्यामुळे नव्या अंतराचा भार जवळपास संपूर्ण तरुण वर्गावर पडला. नियमात वय कुठेही लिहिलेले नाही, तरीही तो वयाचाच नियम होऊन बसला आहे. आपला सल त्या अर्थाने रास्त आहे.

पात्रता आणि उपलब्धता यांतही अंतर होते. मे महिन्यात ४५ वर्षांवरील लोकांसाठी केंद्राचा साठा वेगळा आणि १८ ते ४४ वयोगटासाठी राज्यांनी स्वतः खरेदी करायचा साठा वेगळा, अशी विभागणी होती. शिवाय ज्यांचा पहिला डोस झाला आहे त्यांच्या दुसऱ्या डोससाठी किमान ७० टक्के साठा राखून ठेवावा, असे केंद्राने राज्यांना सांगितले होते. आणि तेव्हा दुसऱ्या डोसच्या रांगेत सगळे ज्येष्ठच होते. २१ जूनपासून केंद्राने ७५ टक्के उत्पादन स्वतः विकत घेऊन राज्यांना मोफत द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे तरुणांचा ओघ वाढला. पहिला डोस जूनमध्ये मिळालेल्याचा दुसरा डोस सप्टेंबरात येणार, हे तेव्हाच ठरून गेले होते.

आता शास्त्र. कोविशील्ड ही विषाणूवाहक पद्धतीची लस आहे. चिंपांझीमध्ये आढळणाऱ्या एका निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडेनोविषाणूवर करोनाच्या काटेरी प्रथिनाचा जनुक चढवलेला असतो. दुसरा डोस फार लवकर दिला तर पहिल्या डोसमुळे वाढलेला शरीराचा प्रतिसाद अजून पक्व झालेला नसतो. ऑक्सफर्डच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी असताना परिणामकारकता ५५.१ टक्के आणि बारा आठवडे किंवा अधिक असताना ८१.३ टक्के आढळली. अंतर वाढवण्याच्या बाजूचा हा आधार भक्कम आहे. पुरवठा अपुरा होता म्हणून शास्त्राचे निमित्त पुढे केले, असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. मात्र अपुरा पुरवठा हे कारण नव्हतेच असेही मी म्हणणार नाही, कारण तेवढ्याच लसीत अधिक लोकांना पहिला डोस मिळावा हा विचार जगभर उघडपणे मांडला गेला आहे.

अडचण अशी की ते आकडे करोनाचा डेल्टा हा नवा प्रकार येण्यापूर्वीचे आहेत. इंग्लंडमधील जुलैच्या अभ्यासात डेल्टामुळे होणाऱ्या लक्षणयुक्त आजारापासून एका डोसने मिळणारे संरक्षण सुमारे ३० टक्के, तर या लसीच्या दोन डोसांनी मिळणारे सुमारे ६७ टक्के निघाले. त्यामुळे एका डोसवर काढलेला प्रत्येक जादा आठवडा पूर्वीपेक्षा महाग झाला आहे. ब्रिटनने यावर उपाय म्हणून बारा आठवड्यांचे अंतर आठवर आणले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आठ ते बारा आठवड्यांचीच आहे. आपल्याकडे ज्या राष्ट्रीय सल्लागार गटाच्या शिफारशीवरून अंतर वाढले, त्यातील काही सदस्यांनी आपली सहमती आठ ते बारा आठवड्यांपर्यंतच होती असे जूनमध्ये सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. माझे वैयक्तिक मत विचाराल तर आठ आठवडे हा आजच्या घडीला अधिक योग्य मध्य ठरेल. परंतु नियम बदलेपर्यंत ८४ दिवस थांबल्याने आपल्या मुलाच्या दुसऱ्या डोसचे काहीही नुकसान होणार नाही, उलट तो अधिक चांगला लागू पडेल. जपायचे आहे ते मधल्या आठवड्यांत, आणि त्यासाठी मास्कच.

म्हापशातील दुकानदार · २३ ऑगस्ट २०२१

एवढा ऊहापोह कशासाठी, हे समजत नाही. लस आता सगळीकडे मोफत आहे. ज्याला हवी असते त्याला ती मिळते; आमची पोरे किनाऱ्यावर फिरायला रांगा लावतात आणि लसीसाठी मात्र त्यांना वेळ नसतो.

सत्तरीतील परिचारिका · २३ ऑगस्ट २०२१

दादा, तशी पोरे असतील, मी नाकारत नाही. पण माझ्या नोंदवहीत दुसऱ्या डोसचा दिवस उलटूनही न आलेल्यांना मी स्वतः फोन लावते आणि जी उत्तरे ऐकू येतात ती वेगळी असतात. रोजंदारीवरचा मुलगा विचारतो की, केंद्र नऊला उघडते आणि चारला बंद होते, मग मी कधी येऊ. अर्धा दिवस गेला की अर्धा रोज गेला, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर तो दिवसही गेला. आमच्या भागातून सकाळची कदंब बस चुकली की पुढची गाडी मिळेपर्यंत टोकन संपलेले असते. भाड्याच्या खोलीत राहणारी उत्तर कर्नाटकातली मुले तर मे महिन्यातल्या संचारबंदीत काम सुटल्यामुळे गावी गेली आणि परतली ती नवे सिमकार्ड घेऊन. आम्ही एका रविवारी केंद्र चालू ठेवले, तेव्हा एका दिवसात जेवढे तरुण आले तेवढे एरवी अख्ख्या आठवड्यात येत नाहीत. इच्छा होती म्हणूनच आले ना?

मुरगावचा तारवटी · २४ ऑगस्ट २०२१

मी प्रवासी जहाजावर काम करतो. २८ दिवसांच्या सवलतीचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो.

७ जूनला केंद्राने जी कार्यपद्धती काढली, तिच्यानुसार शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना, तसेच टोकियो ऑलिंपिकच्या भारतीय चमूला, कोविशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता येतो. ही सोय ३१ ऑगस्टपर्यंत परदेशी निघणाऱ्यांसाठी आहे. प्रवेशाचे पत्र किंवा नोकरीचे पत्र दाखवावे लागते आणि प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक जोडला जातो. गोव्यात जूनमध्ये १८ ते ४४ वयोगटाची सुरुवात करताना टॅक्सीचालक, मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाडे मारणारे) यांच्या जोडीने आम्हा तारवटींनाही प्राधान्य दिले गेले, त्यामुळे आमच्यापैकी अनेकांचे दोन्ही डोस आटोपले. मी स्वतः एकोणतिसाव्या दिवशी दुसरा डोस घेतला. वाद घालायचा नव्हता, करारपत्रावर तारीख होती आणि दुसऱ्या डोसशिवाय कोणी जहाजावर चढू देत नव्हते.

डिचोलीकरांच्या मुलाला ही सवलत लागू होत नाही, हे उघड आहे. परंतु त्यांचा प्रश्न वाचून मला माझीच जरा लाज वाटली. माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा आहे. आम्ही दोघे एका घरात राहतो, एकाच आठवड्यात पहिला डोस घेतला. मला २८ दिवस आणि त्याला ८४, कारण माझ्याकडे पारपत्र आणि करार आहे. डॉक्टरसाहेबांनी दिलेले ५५ आणि ८१ टक्क्यांचे आकडे खरे असतील, तर कमी संरक्षण मला मिळाले आणि अधिक त्याला मिळणार, हे मला कळते. तरी कागदाचा उपयोग मला झाला आणि त्याला झाला नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईस्थित पेडणेकर · २४ ऑगस्ट २०२१

कंपनीच्या पत्राबद्दल एक हिशेब मांडतो, कारण मुंबईत आम्ही सध्या हेच सोसत आहोत. इथे १५ ऑगस्टपासून लोकल गाडी सर्वसामान्यांसाठी सुरू झाली, पण दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच पास मिळतो. म्हणजे ८४ अधिक १४ असे ९८ दिवस. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मेला सुरू झाले. अगदी पहिल्या दिवशी ज्याला कोविशील्ड मिळाली, त्याचे ८४ दिवस २४ जुलैला आणि ९८ दिवस ७ ऑगस्टला भरतात. मे महिन्यात पहिल्या दिवशी लस मिळालेले तरुण किती असतील, ते ज्याने तेव्हा कोविनवर ओटीपीची कसरत केली आहे त्याला विचारा. माझ्या कार्यालयातले पन्नाशीचे साहेब लोकलने येतात आणि पंचवीस वर्षांची कारकून मुलगी दोन बस बदलून येते.

"दोन्ही डोस पूर्ण" अशी अट ऑगस्टमध्ये घालणे म्हणजे तरुणाने टाळाटाळ केली असे गृहीत धरणे आहे. प्रत्यक्षात नियमाने त्याला ती संधीच दिलेली नाही. आपल्या मुलाने कंपनीला लेखी विनंती करावी असे मला वाटते. पहिल्या डोसचे प्रमाणपत्र जोडावे, त्यावर दुसऱ्या डोसचा कालावधी छापलेलाच असतो, आणि तोपर्यंत चाचणीचा खर्च कंपनीने करावा किंवा अटीला मुदतवाढ द्यावी, असे स्पष्ट शब्दांत मागावे. आमच्याकडे एका सहकाऱ्याने असे पत्र दिल्यावर मनुष्यबळ विभागाने "हे आमच्या लक्षातच आले नव्हते" असे उत्तर दिले. मला ते खरेच वाटले. अशी पत्रे काढणारे बहुतेक जण पंचेचाळीसच्या पुढचे असतात.

डिचोलीकर पालक · २७ सप्टेंबर २०२१

सर्वांचे आभार. काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे, शिवाय मध्ये एक गोंधळही झाला, तो इतरांच्या उपयोगी पडेल.

मुलाने पत्र दिले. कंपनीने चाचणीची अट काढली नाही, पण ३० सप्टेंबरपर्यंत मुदत वाढवली आणि तोवरच्या चाचणीचा खर्च स्वतः उचलला. ठेकेदाराच्या माणसांनाही ते लागू केले, याचे मला आश्चर्य वाटले. ११ तारखेला विसर्जन झाले. रविवार सोडून १३ तारखेला तो केंद्रावर गेला. परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही आधीच शोध घेतला होता, तेव्हा उमगले की त्याची नोंद आमच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर आहे आणि नावातले एक अक्षर चुकले आहे. शेजारी सोबत आला, खिडकीजवळ उभे राहून त्याने ओटीपी वाचून दाखवला आणि काम झाले. नावाची दुरुस्ती कोविनच्या संकेतस्थळावर तक्रारीच्या भागात जाऊन घरूनच करता आली. ती एकदाच करता येते, म्हणून मुलीने मुलाला तीन वेळा अक्षरे तपासायला लावली.

मुलीचे मात्र सरळ झाले नाही. कोव्हॅक्सिन तालुक्याबाहेरच्या एका केंद्रावर मिळाली, पण तिथे गर्दी होती आणि तिने घाईत आपला नवा क्रमांक सांगितला. बेळगावची नोंद जुन्या क्रमांकावर होती. घरी येऊन पाहते तो नव्या क्रमांकावर "पहिला डोस" असे प्रमाणपत्र आलेले. म्हणजे हातात सुया दोन गेल्या होत्या आणि कागदावर ती दोन वेगळ्या मुली होती, प्रत्येकीचा एकेक डोस झालेली. दोन दिवस तिने जेवणाकडे नीट लक्ष दिले नाही. नंतर त्याच संकेतस्थळावर पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रे एकत्र करण्याचा पर्याय सापडला. दोन्ही वेळा आधार कार्डच दाखवलेले होते, त्यामुळे काही दिवसांत नोंद जुळली आणि अंतिम प्रमाणपत्र आले.

सत्तरीतील परिचारिका · २८ सप्टेंबर २०२१

काका, दोघांचे झाले हे वाचून बरे वाटले. १८ तारखेला पंतप्रधानांनी गोव्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांशी संवाद साधला आणि सर्व प्रौढांना पहिला डोस दिल्याबद्दल राज्याचे कौतुक केले. आमच्या केंद्रातही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीचे दुसऱ्या डोसचे पान उघडले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यातल्या नावांचे ८४ दिवस आता उलटून गेले आहेत, आणि बरीच नावे अजून पेन्सिलीनेच आहेत. डोस झाला की मी त्यावर शाई फिरवते. येत्या रविवारी आम्ही केंद्र पुन्हा चालू ठेवत आहोत. सत्तरीतल्या कोणाचा मुलगा किंवा मुलगी राहिली असेल तर पाठवा. फोन मात्र जुनाच आणायला सांगा.